राजगडावर मंगळवासी

दिवाळीत किल्ला करताना भोर-वेल्ह्याकडच्या पोरांची एक अडचण असते. पुण्यातल्या सोसायटीत कुणी तोरणा केला आणि त्याला बुधला माचीच नसली, तरी कुणाच्या लक्षात येत नाही. वेल्ह्यात मात्र अंगणातल्या तोरण्यावरून नजर उचलली की मागे खराच तोरणा उभा. चूक झाकायला जागा नाही. (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, बोलण्यात अजून वेल्हंच येतं, ते चालवून घ्या.)

विटा-दगडांचा ढीग, त्यावर चिखलात बुडवलेलं पोतं, पोत्यावर हळीव. तटाला गेरू. मग डब्यातून मावळे निघतात, तोफा निघतात, गुहेसाठी वाघ निघतो आणि गडाशी काही संबंध नसलेली एक भाजीवालीही निघते. इथवर माझी काही तक्रार नाही. तक्रार पुढची आहे. हे सगळे मावळे रस्त्याकडे तोंड करून उभे असतात. शत्रू कुठून येईल याची कुणाला फिकीर नाही. बघायला येणारे काका-काकू कुठून येतील, तिकडे बुरुजावरच्या पहारेकऱ्याची नजर. एवढा घाम गाळून रणांगण उभं करायचं आणि त्यावर लढाईच खेळायची नाही, हे मला मोठं विचित्र वाटतं.

माझा भाचा पुण्यात शिकतो. त्याच्या खोलीतलं टेबल म्हणजे कुठल्याशा परग्रहावरचं उद्ध्वस्त शहर आहे. टीव्हीच्या खोक्यातलं थर्माकोल, तुटलेले चार्जर, पेनांच्या नळ्या, सगळं एकाच राखाडी रंगात बुडवलेलं. त्यातून बोटाच्या दोन पेरांएवढे चिलखती शिपाई दबा धरून बसलेले. ‘वॉरहॅमर ४०,०००’ नावाचा हा खेळ. रिक प्रीस्टली यांनी लिहिलेली त्याची पहिली आवृत्ती इंग्लंडात १९८७ साली निघाली. सुरुवातीच्या काळात या खेळाच्या मासिकानेच वाचकांना डिओडरंटच्या रिकाम्या डबीपासून तरंगता रणगाडा करायला शिकवलं होतं. हे कळल्यावर मला त्या मंडळींबद्दल एकदम आपुलकी वाटली. टाकाऊतून टिकाऊ करण्याचा आपला बाणा तिकडेही आहे तर.

रंगवण्याचं काम मात्र फार चिकाटीचं. आधी प्रायमर, मग मूळ रंग. त्यावर अगदी पातळ काळपट रंग सोडायचा. तो आपोआप खाचांत उतरतो आणि सावल्या तयार होतात. शेवटी ब्रशला फिका रंग लावून तो कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसायचा आणि वरच्या कडांवरून हलकेच फिरवायचा. फिका रंग फक्त उंचवट्यांना लागतो आणि थर्माकोलचा तुकडा क्षणात खडक दिसू लागतो. हीच युक्ती मी भाच्याकडून आमच्या गल्लीतल्या किल्ल्यावर करवून घेतली. चिखल वाळल्यावर पांढरट राखाडी रंगाचा कोरडा ब्रश फिरवला, तर कातळ असा उठून आला की पोरं गेरूचा डबा विसरली. मंगळाची जमीन करायची असेल, तर रायरेश्वराच्या पठारावरची सात रंगांची म्हणून दाखवतात ती माती एकदा बघून यावी. बघून यावी म्हणतोय, पिशवीत भरून आणू नये.

विज्ञानकथा आणि खेळण्यातले शिपाई यांचं नातं तसं जुनं आहे. मंगळवासीयांना पृथ्वीवर उतरवणारे एच. जी. वेल्स घरातल्या जमिनीवर पालथे पडून लाकडी ठोकळ्यांची गावं वसवत आणि स्प्रिंगच्या तोफांनी शिशाचे शिपाई पाडत. या खेळाचे नियम त्यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात छापले. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं.

भाच्याच्या खेळात सगळा वाद दिसण्यावरून चालतो. शिपायाच्या डोळ्याच्या उंचीवर वाकायचं आणि तिथून शत्रू दिसतो का ते बघायचं. भिंतीचा आडोसा असेल तर बचाव सोपा. असं वाकून एकदा आमच्या गल्लीतल्या राजगडाकडे बघितलं आणि संजीवनी माचीचा तट मला निराळाच दिसू लागला. तिथे तटाला बाहेरून दुसरा तट आहे, म्हणून त्याला चिलखती म्हणायचं. बाहेरची भिंत जिंकून शत्रू आत आला की तो दोन भिंतींमधल्या अरुंद पट्टीत सापडतो, वरून मारा चालू. पुस्तकात हे शंभरदा वाचलं होतं. खेळताना प्यादं त्या पट्टीत अडकून मेलं तेव्हा कळलं. शेजारच्या पुरंदरावर १६६५ मध्ये हाच हिशेब उलटा झाला. दिलेरखानाने आधी वज्रगड घेतला आणि त्या उंचीवरून पुरंदर तोफांच्या तोंडी आला. दिवाळीतल्या पुरंदराशेजारी वज्रगड करणारं पोर मला अजून भेटायचंय.

प्रमाणाचं मात्र कुणालाच जमत नाही. अठ्ठावीस मिलिमीटरचा शिपाई म्हणजे माणसाचा साठावा हिस्सा. तोरण्याचा माथा पायथ्यापासून सहाशे मीटर धरला, तर त्या मापाने अंगणात दहा मीटरचा डोंगर हवा. तीन मजली घर झालं. आपल्याकडे दरवाजापेक्षा मावळा उंच असतो म्हणून हसू नका. भाच्याच्या शिपायाची बंदूक पटावर चोवीस इंच पोचते. साठाने गुणा: साडेछत्तीस मीटर. चाळीस हजार वर्षांची प्रगती आणि गोळी आमच्या गल्लीच्या टोकालाही जात नाही.

मग मावळ्यांनिशीच का खेळू नये? प्रयत्न केला. मोगल व्हायला कुणी तयार होईना. जो झाला तो मुद्दाम हरू लागला, कारण मावळे हरलेले त्यालाही बघवेनात. आपल्या अंगणातला तोरणा नेहमी स्वराज्याच्या आरंभीचा असतो. १७०४ चा कधीच नसतो. त्या वेळच्या मोहिमेत औरंगजेबाने बरेच गड पैसे मोजून ताब्यात घेतले, तोरणा मात्र त्याच्या माणसांनी रात्री दोर लावून चढून, लढून घेतला. खेळ म्हणून याहून चांगला प्रसंग शोधून सापडणार नाही, आणि तो आपण मांडत नाही. भक्ती आली की फासे थांबतात. जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ लिहिताना विश्वासरावांना वाचवलं, तेही वेगळ्या विश्वाची सोय करूनच. विज्ञानकथेचा हा फायदा: तिथे इतिहासाला धक्का न लावता हरता येतं.

म्हणून यंदा राजगडावर मंगळवासी उतरवले. भाच्याने तीन पायांची यंत्रं आणली, पोरांनी मावळे. महाराजांची मूर्ती बालेकिल्ल्यावर सिंहासनावर राहील, फाशांच्या हिशेबात येणार नाही, हा नियम कुणी न सांगता ठरला. यंत्रांना पाली दरवाजाची चढण सोपी वाटली आणि तिथेच दोन गेली. मग भांडण जुंपलं ते सुवेळा माचीच्या नेढ्यावरून, म्हणजे कातळातल्या आरपार भोकावरून. नेढ्यापलीकडच्या यंत्रावर आरपार गोळी झाडता येते, असं एकाचं म्हणणं. पोत्याला भोक पाडताना तू ते दुप्पट मोठं केलंस, खऱ्या नेढ्यातून तिकडचं एवढं दिसतच नाही, असं दुसऱ्याचं. पंच म्हणून मला बोलावलं, पण माझ्यावर विश्वास कुणाचाच नव्हता. शेवटी नेम राखून ठेवला, यंत्र होतं तिथेच राहू दिलं, आणि रविवारी गुंजवण्याकडून चढून मोजपट्टी घेऊन नेढ्याशी जायचं ठरलं.