मोबाइलचा घसारा कोणाच्या खाती?

मोठ्या संस्थेत मोबाइलचा खर्च म्हणजे खरेदीचे बिल, असा समज अजूनही आढळतो. आपल्या राज्यातील अंगणवाड्यांचा अनुभव या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. २०१९ मध्ये सेविकांना सुमारे एक लाख मोबाइल देण्यात आले. रॅम अवघी २ जीबी. २०२१ च्या मार्चमध्ये केंद्राचे ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे अ‍ॅप आले आणि बालकांच्या वजन-उंचीच्या, आहाराच्या नोंदी त्यावर करणे भाग पडले. त्याच वर्षी मोबाइलच्या हमीची मुदतही संपली. यंत्रे तापू लागली, अडकू लागली. दुरुस्तीस काही हजार रुपये लागत. ते मानधनावर राबणाऱ्या सेविकेने पदरचे भरावेत, अशी अपेक्षा! अखेर ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील सेविकांनी हे मोबाइल कार्यालयांत नेऊन परत केले.

काहींना तो हट्ट वाटला. मला त्यात हिशेबाची चोख जाण दिसते. मालमत्ता ज्याची, घसारा त्याच्याच खाती पडावयास हवा. म्हणून खरेदीच्या मंजुरीतच दुरुस्ती, रिचार्ज, काही राखीव संच आणि यंत्र बदलण्याचे वर्ष यांची तरतूद असावी. नवे अ‍ॅप आधी जुन्या यंत्रावर चालवून पाहावे. याला तर खर्चही नाही.

सोलापुरातील पतसंस्थांनीही पिग्मी प्रतिनिधीच्या हाती मोबाइल देताना, तो बिघडल्यास भरपाई कोणाची, हे करारपत्रात लिहावे. अन्यथा ती रक्कम निमूटपणे त्याच्या कमिशनमधून वळती होते.