पंख्यावरची धूळ काय सांगते?

दिवाळीनंतर हवा थंड आणि स्थिर झाली, की मुंबई-पुण्यात दोन तक्रारी एकदमच वाढतात. घरात ‘परवाच पुसलेला पंखा पुन्हा काळा कसा?’ आणि बाह्यरुग्ण विभागात ‘डॉक्टर, खोकला जात नाही.’ दोन्हींचे मूळ बऱ्याच अंशी हवेत असते.

एवढ्या वेगाने फिरणाऱ्या पात्यावर धूळ टिकते कशी? पात्याला लागून असलेला हवेचा अगदी पातळ थर पात्याबरोबरच फिरतो. त्या थरात बसलेल्या कणाला वारा लागतच नाही. शिवाय पात्याची पुढची कड हवा कापत जाते तेव्हा हवा वळसा घेते. जड कणांना तसे वळता येत नाही, ते कडेवर आदळतात. काळा पट्टा म्हणून तिथेच दिसतो. फोडणीचा तेलकट धूर आणि दमटपणा डिंकाचे काम करतात. एसीच्या थंड कॉइलवर बाष्पाचे पाणी होते आणि जाळीतून निसटलेली धूळ त्या ओलीला चिकटते. ओल राहिली, तर बुरशीही धरते.

आपली श्वासनलिकाही आतून ओलसरच असते. जाड कण ती अडवते व कफावाटे बाहेर टाकते. २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कण मात्र वायुकोशांपर्यंत पोहोचतात. दमा बळावतो, हृदयविकाराचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ठरवली. भारताचे मानक ४० आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई महापालिकेने बांधकामांभोवती उंच पत्रे आणि पाण्याची फवारणी बंधनकारक केली. हे आवश्यकच होते. पण त्याने रोखली जाते ती प्रामुख्याने जाड धूळ. वाहनांचा धूर आणि जळणारा कचरा यांतून येणारे सूक्ष्म कण पत्र्यांना जुमानत नाहीत. त्यामुळे उद्या पंखे कमी मळले, तरी तेवढ्यावरून हवा सुधारली असे म्हणता येणार नाही. त्यासाठी सूक्ष्म कणांची मोजणीच पाहायला हवी.

घरात एवढे करा : पंखा बंद करून पाते जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून पुसा, म्हणजे धूळ खाली उडणार नाही. त्या वेळी दम्याच्या रुग्णाला खोलीबाहेर बसवा. एसीची जाळी दर पंधरा दिवसांनी धुऊन, वाळवून लावा. पंखा पुसता येतो. फुप्फुस पुसता येत नाही.