सहकाराला गोदामाचे दार हवे

सहकार हा शब्द उच्चारला की महाराष्ट्रातील सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर कारखान्याचे अध्यक्षपद, जिल्हा बँकेची निवडणूक आणि तेथून विधानसभेकडे जाणारी वाट उभी राहते. परंतु सहकाराची खरी कसोटी सत्तेच्या या पायऱ्यांवर लागत नाही. ती लागते वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील कामरगावसारख्या गावांत, सोयाबीनची मळणी आटोपून दिवाळी तोंडावर आलेली असते त्या पंधरवड्यात. मजुरांची मजुरी चुकवायची असते, कृषी केंद्राची उधारी फेडायची असते आणि घरात पोती रचायला जागा नसते. त्यामुळे सारे शेतकरी एकाच वेळी बाजाराकडे धाव घेतात आणि भाव कोसळतो. पिकवणाऱ्याला थांबण्याचे सामर्थ्य नसणे, हे कोरडवाहू शेतीच्या दैन्याचे एक मोठे कारण आहे.

हे सामर्थ्य व्यक्तीला एकट्याने मिळवता येत नाही, म्हणून तर सहकार. पण गावोगावच्या सेवा सहकारी संस्थांनी आजवर प्रामुख्याने काय केले? खरिपाच्या तोंडावर पीककर्ज वाटणे, मार्चअखेर वसुली करणे आणि वसुली होत नसेल तर कागदोपत्री ‘नवे-जुने’ करणे. १९०४ सालचा सहकारी पतसंस्थांचा कायदा कर्जापुरताच होता. १९१२ च्या कायद्याने इतर प्रकारच्या सहकारी संस्थांनाही वाट मोकळी करून दिली. परंतु वऱ्हाडातील सेवा संस्था बहुतांशी कर्जाच्या खिडकीपाशीच थबकली. पेरणीला सोबत करणारी संस्था विक्रीच्या वेळी शेतकऱ्याला एकटे सोडते.

पश्चिम महाराष्ट्रात असे का झाले नाही? उसाच्या स्वभावात त्याचे एक उत्तर आहे. तोडलेला ऊस तातडीने गाळावा लागतो, म्हणून कारखाना शिवाराजवळच हवा. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरचा कारखाना १९५० साली सुरू झाला, तेव्हा ऊस उत्पादक त्याचा मालक झाला. कापूस मात्र टिकतो आणि दूरवर जातो. इंग्रजी अमदानीत यवतमाळहून कारंजामार्गे मूर्तिजापूरला जाणारी ‘शकुंतला’ ही अरुंद रुळांची गाडी वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या वाटेला लावण्यासाठीच टाकली गेली. कापूस गेला, मूल्यवर्धनही त्याच्याबरोबर गेले. पुढे १९७२ मध्ये एकाधिकार कापूस खरेदी योजना आली. पणन महासंघ नावाने सहकारी होता, पण योजनेची सूत्रे मंत्रालयात होती. शेतकरी त्या व्यवस्थेचा विक्रेता झाला, मालक झाला नाही. योजना तोट्यात रुतली आणि मागे मालकीची एकही जागा उरली नाही. शासनाने चालवलेल्या सहकाराचा हा धडा विसरता येणार नाही.

शासनाने मदतच केली नाही, असे नव्हे. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी जाहीर केलेल्या विशेष योजनेत वाशीम होता; २०१८ मध्ये तो आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतही आला. पण बाहेरून आलेली मदत संपते. गावात उभी राहिलेली संस्था टिकते.

अशा संस्थेचे उदाहरण शेजारच्याच जिल्ह्यात आहे. सहकार क्षेत्रातील धान्य साठवणूक योजनेत देशभरातून प्रथम ११ राज्यांतील ११ प्राथमिक संस्था निवडल्या गेल्या. त्यांत महाराष्ट्रातून अमरावती जिल्ह्यातील नेरपिंगळाईच्या विविध कार्यकारी सहकारी संस्थेचा समावेश होता. २४ फेब्रुवारी २०२४ रोजी तिच्या तीन हजार टनांच्या गोदामाचे लोकार्पण झाले. २०२१ मध्ये केंद्रात स्वतंत्र सहकार मंत्रालय स्थापन झाले आणि २०२३ च्या आदर्श उपविधींनी प्राथमिक संस्थांना पंचवीसहून अधिक व्यवसाय खुले करून दिले. तेव्हा कायद्याची अडचण आता सांगता येणार नाही.

गोदाम म्हणजे नेमके काय, हे हिशेबाने पाहू. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. सोयाबीनसारख्या मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळते. समजा, वीस क्विंटल सोयाबीनची किंमत क्विंटलला साडेचार हजारांप्रमाणे नव्वद हजार झाली. तर ६७,५०० रुपये दिवाळीलाच हाती येतात. चार महिन्यांचे व्याज १,३५० रुपये. भाव क्विंटलमागे तीनशेने वाढला, तर सहा हजार अधिक मिळतात. भाव वाढेलच, अशी हमी कोणी देऊ नये; सोयाबीन राखून ठेवणाऱ्यांना पडत्या भावाचाही अनुभव आहे. परंतु विकायचे की थांबायचे, हे ठरवण्याचा अधिकार शेतकऱ्याकडे येतो. शिवाय हमीभावाच्या खरेदीत १२ टक्के ओलाव्याची अट असते; २०२४ च्या हंगामात ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल करावी लागली. गावातच वाळवणीचा ओटा आणि चाळणी यंत्र असेल, तर माल केंद्रावरून परत येणार नाही.

मात्र गोदाम बांधून प्रश्न सुटत नाही. ते कोणासाठी, हा खरा प्रश्न आहे. पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी अंत्योदयाचा विचार मांडला, तोच येथे मोजपट्टी ठरावा. सेवा संस्थेचे पीककर्ज सातबाऱ्याला बांधलेले आहे. ठोक्याने जमीन करणारा कष्टकरी, भूमिहीन मजूर आणि जन्मभर शेतात राबूनही उताऱ्यावर नाव नसलेली गृहिणी त्या वर्तुळाबाहेर राहतात. माल तारण ठेवताना तरी पोते बोलावे, उतारा नव्हे. म्हणूनच पाच पोती आणणाऱ्यालाही पन्नास पोत्यांच्या धन्याइतकाच मान मिळेल, असा नियम संस्थेने स्वतःहून केला पाहिजे.

यासाठी लागते ते चारित्र्य. मूळचे सातारा जिल्ह्यातील खटावचे आणि गुजरातमध्ये संघकार्य उभे करणारे लक्ष्मणराव इनामदार यांच्या प्रेरणेतून साकारलेल्या सहकार भारतीने ‘बिना संस्कार नहीं सहकार’ हे सूत्र दिले, ते याच अर्थाने. नागपूर, वर्धा आणि बुलडाणा येथील जिल्हा बँकांना २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला, तेव्हा झळ सोसली ती पीककर्जाची वाट पाहणाऱ्या सभासदांनी. अकोला व वाशीम या जिल्ह्यांची मध्यवर्ती बँक त्या यादीत नव्हती. पतपुरवठ्याची ही साखळी शाबूत आहे, तोवरच तिच्या शेवटच्या कडीला गोदाम जोडून घ्यावे.

कामरगाव परिसरातील सुशिक्षित तरुणांनी आणि कार्यकर्त्यांनी निवडणुकीपुरते नव्हे, तर वार्षिक सभेला जाऊन बसावे. ताळेबंद मागावा, गटसचिवाला प्रश्न विचारावेत, गोदामाचा ठराव मांडावा. तो ठराव मंजूर होताना सभासदांच्या यादीत शेवटचे नाव कोणाचे आहे, तेही वाचून पाहावे. गावाचा विकास किती झाला, हे त्या नावावरून कळेल.