डोक्यास बसलेला मार

गेल्या हिंवाळ्यांत आमच्या क्रीडांगणावर दोन मुलें एकाच झेलामागें धांवलीं व त्यांचीं डोकीं एकमेकांवर आदळलीं. त्यांतील एक जण क्षणभर खालीं बसला, उठला व हंसत म्हणाला, "कांहीं झालें नाहीं, सर." आम्हींही त्याच्या धैर्याचें कौतुक करून त्यास पुन्हां खेळूं दिलें. रात्रीं त्यास वांत्या होऊं लागल्या. देवकृपेनें मुलगा बरा झाला. परंतु आमचें तें कौतुक अस्थानीं होतें, हें शल्य आमच्या मनांतून अद्याप गेलेलें नाहीं.

तेव्हांपासून कांहीं पालक आम्हांस विचारतात कीं, असा मार ओळखणारें यंत्र आतां निघालें आहे, तें शाळेनें कां घेऊं नये? प्रश्न रास्त आहे. रग्बीच्या खेळांत अशीं यंत्रें वापरतात. दांतांवर बसणाऱ्या कवचांत, म्हणजे माउथगार्डमध्यें, सूक्ष्म मापक बसविलेले असतात. वरचे दांत कवटीशीं घट्ट जोडलेले असल्यामुळें डोकें किती जोरानें हिसकलें व किती गरकन वळलें, हें त्यांस बरेंच नेमकें कळतें. धक्का ठरीव मर्यादेपलीकडे गेला, कीं बिनतारी संदेश मैदानाबाहेरील डॉक्टरांस पोंचतो व खेळाडूची तपासणी होते. २०२४ च्या आरंभापासून जागतिक रग्बी संघटनेनें वरिष्ठ सामन्यांत या साधनाची जोड दिली. २०२५ सालीं इंग्लंडांत झालेल्या स्त्रियांच्या विश्वचषकांत तर कवचांतच लाल दिवा लुकलुकण्याची सोय होती.

परंतु हें यंत्र मोजतें तें डोक्याचें हिसकणें. आंतील मेंदूची इजा त्यास दिसत नाहीं. जबर धक्का बसूनही एखादा धडधाकट राहतो, तर बेताच्या धक्क्यानेंही दुसऱ्याचा मेंदू दुखावतो. शिवाय लक्षणें कधीं कधीं उशिरां प्रकट होतात. ऑगस्ट २०१९ मध्यें लॉर्ड्सच्या मैदानावर जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर आदळला. तपासणींत तो उत्तीर्ण झाला व परत येऊन खेळलाही; दुसऱ्या दिवशीं मात्र लक्षणें दिसूं लागलीं आणि त्याच्या जागीं मार्नस लाबुशेन उतरला. जाणत्या डॉक्टरांदेखत असें घडतें, तर केवळ दिवा लागला नाहीं म्हणून आपण निश्चिंत कसें व्हावें?

म्हणून आमचें मत असें कीं, ज्यांची ऐपत असेल त्यांनीं यंत्र अवश्य घ्यावें. पण तो पहारेकरी आहे, वैद्य नव्हे, हें विसरूं नये. त्याआधीं शाळेंत एक शिस्त रुजली पाहिजे. डोक्यास मार बसला व संशय आला, कीं त्या दिवसापुरता खेळ संपला. पुन्हां मैदानांत उतरणें तें डॉक्टरांच्या अनुमतीनेंच. या नियमास पैसा लागत नाहीं. मेंदू सांवरण्यापूर्वीं दुसरा धक्का बसल्यास, विशेषतः कोवळ्या वयांत, तो प्राणघातकही ठरूं शकतो.

पालकांसही आमची विनंती आहे. मूल बेशुद्ध पडलें नाहीं, म्हणजे इजा झाली नाहीं, असें मानूं नये. मार लागल्यावर डोकेदुखी, भोवळ, विस्मरण अथवा उजेड न सोसणें, हीं लक्षणें दिसल्यास ती अभ्यास टाळण्याची सबब समजूं नये. वारंवार वांती, अनावर झोंप किंवा झटके आल्यास तत्काळ रुग्णालय गांठावें.

विद्यार्थिमित्रहो, बुद्धि ही ईश्वरानें तुमच्या हातीं दिलेली ठेव आहे. सोबत्याचें दुखणें शिक्षकांस सांगणें ही चहाडी नव्हे. पुढच्या वेळीं कोणी "सर, डोकें दुखतें," असें म्हणत मैदानाबाहेर येईल, तर कौतुक आम्ही त्याचें करूं.