राज्य कोसळले, गीत उरले

राष्ट्र म्हणजे केवळ राज्यसत्ता नव्हे. सत्ता लयास गेल्यावरही समाजाच्या अंतःकरणात जे टिकते, त्यावर राष्ट्र उभे असते. जर्मन गायक डीट्रिश फिशर-डीस्काऊ (१९२५-२०१२) यांची कारकीर्द याची साक्ष देते.

ऑपेराच्या रंगमंचावरही त्यांनी कीर्ती मिळवली. परंतु त्यांची निष्ठा होती ती 'लीड' या गानप्रकारावर. कवीची कविता, पियानोची साथ आणि एकच कंठ. ना नेपथ्य, ना वेशभूषा. आपल्या भावगीताशी नाते सांगणारा हा प्रकार. जानेवारी १९४३ मध्ये, वयाच्या अवघ्या १७व्या वर्षी, ते बर्लिनमध्ये शूबर्टची २४ गीतांची 'विंटररायसे' ही मालिका गात असताना ब्रिटिश विमानांचा हल्ला झाला. श्रोते तळघरात उतरले आणि हल्ला ओसरताच परतून त्यांनी उरलेली गीते ऐकली.

पुढे सक्तीची सैन्यभरती झाली. १९४५ मध्ये इटलीत ते अमेरिकी सैन्याच्या हाती सापडले. त्यांच्या अपंग भावाचा बळी तर नाझी राजवटीनेच घेतला होता. युद्धबंदी असतानाही ते सहबंद्यांसाठी गात राहिले.

युद्धानंतर जर्मन भाषाच अनेकांना नकोशी झाली होती. फिशर-डीस्काऊ यांनी त्या राजवटीचे समर्थन केले नाही आणि मातृभाषेची लाजही बाळगली नाही. शूबर्टची ४०० हून अधिक गीते त्यांनी ध्वनिमुद्रित केली. साथीला होते इंग्रज पियानोवादक जेरल्ड मूर! जर्मन बाँबफेकीत उद्ध्वस्त झालेल्या कॉव्हेंट्रीच्या नव्या कॅथेड्रलमध्ये १९६२ साली ब्रिटनचे 'वॉर रिक्विएम' त्यांनी गायले. १९७१ मध्ये तर ते इस्रायलमध्ये जर्मन गीते गायले. ज्यांच्या जखमा सर्वांत खोल होत्या, त्या समाजाने ती ऐकली. सत्तेने घालवलेली प्रतिष्ठा संस्कृतीने अशी परत मिळवली.

या उदाहरणातून आपण काय घ्यावे? ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून वर्षभर घरोघरी पोहोचले, तेव्हा आपल्याकडेही कविता आणि कंठ यांचा असाच संगम घडला होता. तो वारसा केवळ स्मरणरंजनाचा विषय होऊन चालणार नाही. मराठी कविता ज्या घरातून हद्दपार होते, तिथे उद्या तिचे गीत समजणार तरी कोणाला? भाषेचे रक्षण शासकीय आदेशांनी होत नाही. ते मुलांच्या ओठांवर रुळलेल्या गीतांनी होते, आणि त्याचा आरंभ आपल्याच घरातून व्हायला हवा.