ॲमस्टरडॅममध्ये पुरुषांसाठी ३५ मुताऱ्या, महिलांसाठी ३ टॉयलेट. प्रकरण थेट कोर्टात का गेलं?

ॲमस्टरडॅमच्या कालव्यांकाठी गोल वळलेल्या, हिरव्या लोखंडी मुताऱ्या दिसतात. फुकट आणि रात्रीही उघड्या. पण फक्त पुरुषांसाठी. मग बायकांनी जायचं कुठे?

२०१५ मध्ये रात्री कॅफे बंद झाल्यावर एक तरुणी रस्त्यावरच आडोशाला बसली आणि पोलिसांनी तिला दंड केला. तिने तो भरायला नकार दिला. २०१७ मध्ये प्रकरण कोर्टात आलं, तेव्हा शहरात पुरुषांसाठी ३५ मुताऱ्या होत्या आणि महिलांसाठी अवघी ३ टॉयलेट. न्यायाधीशांचं म्हणणं काय, तर पुरुषांची मुतारी वापरायची, सुखाचं नसलं तरी जमतं! संतापलेल्या बायकांनी मग त्या मुताऱ्या वापरताना होणारी कसरत फोटोंतून जगाला दाखवली. अखेर २०२४ मध्ये महिला आणि व्हीलचेअरवरच्या लोकांनाही वापरता येतील अशा टॉयलेटसाठी ४० लाख युरो खर्च करायचं ठरलं.

भारतातून जाणाऱ्यांची आणखी एक पंचाईत म्हणजे पाणी. तिथे जेट स्प्रे बहुधा नसतो, फक्त कागद. त्यामुळे पर्समध्ये छोटी बाटली हवीच. वेट वाइप्स कमोडमध्ये टाकू नका, पाइप तुंबतो. मोठ्या स्टेशनांवर टॉयलेटसाठी पैसे मोजावे लागतात आणि सगळीकडे नाणी चालतीलच असं नाही, कार्ड जवळ ठेवा. ट्रेनमधलं टॉयलेट मात्र फुकट. आजी-आजोबा सोबत असतील तर उतरण्याआधीच उरकून घ्या.