मापाची सायकल

कपडा मापाने शिवावा आणि सायकल दुकानात उभी असेल ती आणावी, हा आमच्या घरचा रिवाज. तेव्हा कॅन्ससमधल्या माझ्या भाच्याने सायकलीसाठी पाय, धड नि हात मोजून दिल्याचे कळताच ताईने त्याला विचारले, "सायकल करतोयस की शेरवानी?"

थट्टा सोडा. चिरंजीव तबला वाजवतात. तिथली एम्पोरियाची शर्यत २००६ पासूनची, २०० मैलांची, म्हणजे सुमारे ३२० किलोमीटरांची. वाट खडीची, आणि टेकड्यांचे नावच चकमकीच्या दगडावरून! गेल्या वर्षी तयार सायकलीवर निम्म्या वाटेतच त्याची करंगळी नि अनामिका बधिर झाली. तळहातावर सारखा भार पडला की मनगटातली नस दबते. पुढे महिनाभर तबला खोळीत.

म्हणून आता सीटपासून हँडलचे अंतर कमी, हँडल उंच. टायर ४५ मिलिमीटर रुंद, हवा बेताची. कडक टायर खडीवर उडतो, मऊ टायर खडे पोटात घालतो. शिवाय उड्यांत वाया जाणारी ताकदही वाचते. एवढ्या टायरला जागा हवी, म्हणून पोलादी सांगाडाही नव्यानेच जोडून घेतला.

नळीवर मराठी नाव रंगवायचे आहे, "मामा, सुचव." मी तीन पाठवली आहेत. ताई म्हणते, घरचा फोन नंबर रंगव.